एक वेन निघाली म्हणून बाण टाकून देऊ नका

लेक तिरंदाजीच्या सरावावरून घरी आली की मी आधी तिचा क्विव्हर, म्हणजे बाणांचा भाता, मागून घेते. बारा बाण ट्यूबलाइटखाली एकेक करून बोटांत फिरवायचे. बाणाच्या शेपटीवर प्लास्टिकच्या तीन पातळ पात्या चिकटवलेल्या असतात, त्या वेन. बहुतेक दिवशी एखाद्याची तरी वेन कडेला उचकटलेली असते, नाहीतर शेजारी घुसलेल्या दुसऱ्या बाणाने अर्धी फाडलेली असते. नेम चांगला बसायला लागला की बाण एकमेकांना खेटून बसतात, आणि वेन फाटायचं प्रमाणही वाढतं.

2023 च्या ऑगस्टमध्ये आमच्या सातारा जिल्ह्यातली अदिती स्वामी बर्लिनला कंपाउंडमध्ये, म्हणजे कप्प्या लावलेल्या धनुष्याच्या प्रकारात, विश्वविजेती झाली. वय 17. ते पाहून माझ्या लेकीने हट्ट धरला आणि धनुष्य घरात आलं. मी ब्लाउज शिवते. एका कार्बन बाणाची किंमत माझ्या किती ब्लाउजांच्या शिलाईइतकी होते, हे मला तोंडपाठ आहे. दुरुस्ती शिकले ती त्यामुळेच.

वेन चिकटवण्याच्या आधी शाफ्ट, म्हणजे बाणाची दांडी, तपासायचा, आणि यात सवलत नाही. बाण चेहऱ्यापासून लांब धरा, दोन्ही टोकं पकडून किंचित वाकवा, पाव फेरा फिरवून पुन्हा वाकवा, असं चारही बाजूंनी. बारीकसा जरी ‘कट्’ आवाज आला तरी तो बाण बाद. मग शाफ्टवरून कापसाचा बोळा फिरवा. तंतू कुठे अडकले तर तिथे चीर आहे. चीर गेलेला कार्बन बाण सुटतानाच फुटू शकतो आणि त्याचे तुकडे धनुष्य धरलेल्या हातात घुसू शकतात. असा बाण मी मोडून टाकते, म्हणजे चुकूनही पुन्हा क्विव्हरमध्ये जाणार नाही. नॉकला, म्हणजे दोरीत अडकणाऱ्या शेपटीच्या खाचेला, तडा असेल तर नॉकही बदला.

वेन नुसती मुडपली किंवा लाटेसारखी झाली असेल तर काढू नका. पेल्यात कढत पाणी घ्या, फक्त वेनचा भाग दहा सेकंद बुडवा, बाहेर काढून बोटांनी सरळ करा आणि गार पाण्यात धरा. पॉइंटकडच्या (अणकुचीदार) टोकाला मात्र ऊब लागू देऊ नका, तिथला डिंक सुटतो. खऱ्या पिसांचे बाण असतील तर चहाच्या किटलीची वाफ पुरते, दबलेलं पीस पुन्हा उभं राहतं. पीस बदलायचं झालं तर मात्र एका बाणावर तिन्ही पिसं एकाच बाजूच्या पंखाची हवीत, तिन्ही डावी नाहीतर तिन्ही उजवी. रिकर्व्हवाल्यांच्या (बिनकप्पीचं धनुष्य वापरणाऱ्यांच्या) वळलेल्या स्पिन वेन दुहेरी चिकटपट्टीवर बसतात. त्यांची रीत वेगळी, इथे ती लागू नाही.

फाटलेली वेन बोथट सुरीने काढा. पातं आडवं धरायचं आणि शाफ्टच्या लांबीला समांतर सरकवायचं. कार्बनवर ओरखडा उठला तर शाफ्ट तिथे कमजोर होतो. उरलेला जुना गोंद नखाने, पुन्हा सुरीने, हळूहळू. घाई केली की इथेच चुकतं.

मग पुसणं. मेडिकलमध्ये इंजेक्शनआधी चोळायचे स्पिरिट स्वॅब मिळतात, ते घ्या. सॅनिटायझर नको, त्यात ग्लिसरीन असतं. हे मी मोल देऊन शिकले आहे. एका सकाळी लेकीच्या वेणीला खोबरेल तेल लावलं, हात साडीच्या पदराला पुसले आणि तशीच वेन लावायला बसले. डोळ्यांना अगदी झकास बसली होती. मैदानावर तिसऱ्या बाणाला ती निघून गेली, आणि ती जिल्ह्याची स्पर्धा होती. तेव्हापासून हात साबणाने दोनदा धुते, आणि वेनचा तळ स्पिरिटने पुसल्यावर त्याला बोट लावत नाही.

आता खरं काम. बाणाची पाठ वाऱ्यात मागे राहावी यासाठी वेन असतात, आणि त्या किंचित तिरक्या लावलेल्या असल्या तर बाण स्वतःभोवती फिरत सरळ जातो. नवी वेन त्याच बाणावरच्या दोघींसारखी आणि उरलेल्या अकरा बाणांसारखी बसली पाहिजे. ब्लाउजची एक बाही अर्धा इंच वर लागली तर दुसरी कितीही सुबक असो, काय उपयोग?

त्यासाठी फ्लेचिंग जिग हवा, म्हणजे वेन ठरल्या जागी, ठरल्या कोनात चिकटवायचा साचा. आम्ही तीन पालकांनी मिळून एक घेतला आहे. जिगवरचे आकडे बघून कोन ठरवू नका. एक धडधाकट बाण जिगमध्ये बसवा आणि रिकामा क्लॅम्प (वेन धरणारा जिगचा चिमटा) त्याच्या वेनवर आणा. क्लॅम्पची फट वेनच्या पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत अलगद बसली पाहिजे. पुढे बसते आणि मागे वेन वाकते, म्हणजे कोन चुकला. स्क्रू सैल करा, केसभर सरकवा, पुन्हा बघा. मला यात कधीकधी वीस मिनिटं जातात. नॉकपासून वेनच्या मागच्या कडेपर्यंतचं अंतर त्याच बाणावरून मोजा आणि क्लॅम्पवर पेन्सिलची खूण करा. मगच खराब बाण चढवा. तीनपैकी एक वेन वेगळ्या रंगाची असते, ती कुठल्या बाजूला येते तेही पाहून घ्या. तीच निघाली असेल तर त्याच रंगाची लावा. स्पर्धेत खेळाडूचे सगळे बाण रंगानेही एकमेकांसारखे लागतात आणि शाफ्टवर नाव किंवा आद्याक्षरं लागतात.

गोंद बाणांसाठीचा मिळाला तर उत्तम, तो वाळल्यावर थोडा लवचिक राहतो. नाही मिळाला तर फेविक्विक चालतं. वेनच्या तळावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोऱ्याएवढी बारीक रेघ ओढा. जास्त गोंद म्हणजे जास्त मजबुती नाही, बाणाच्या शेपटीला नुसतं वजन. क्लॅम्प खाली आणा, दाबा, वीसपर्यंत मोजा, मग दोन-तीन मिनिटं हात लावू नका. क्लॅम्प काढल्यावर वेनच्या पुढच्या आणि मागच्या टोकाला एकेक बारीक थेंब द्या. पुढचं टोक टार्गेटवर घासतं, वेन उचकटायला तिथूनच सुरुवात होते. आमच्याकडे जुलैत हवा इतकी दमट असते की हा गोंद झटकन धरतो आणि कडेला पांढरी झाक येते. ती नुसती दिसायला वाईट, जोडाला धोका नाही.

बाण रात्रभर उभा ठेवा. सकाळी वेन बोटाने आडवी ढकलून बघा, तळाशी उचलता कामा नये.

आमच्या प्रत्येक बाणावर क्रमांक आहे. दुरुस्त केलेला बाण लेक इतर पाच बाणांत मिसळून 50 मीटरवर तीन-चार फेऱ्या मारते आणि तो कुठे बसला ते वहीत मांडते. गेल्या महिन्यात सात नंबरचा बाण प्रत्येक फेरीत खाली डावीकडे जात होता. घरी येऊन पाहिलं तर मी लावलेली वेन सरळ होती आणि बाकीच्या दोन तिरक्या. तिन्ही काढल्या आणि पुन्हा लावल्या.

आणि लेकीला एवढं सांगून ठेवलं आहे: बाण वेनसकट टार्गेटमध्ये घुसला असेल तर मागे ओढायचा नाही, टार्गेटच्या पाठीमागून पुढे ओढून काढायचा.