पापणीवर गाठ आली की लोक जे उद्योग करतात... या चुका टाळा

पापणीला काहीही होवो, घरात कुणीतरी "रांजणवाडी आहे" म्हणतं आणि प्रयोग सुरू होतात. लवंग उगाळून लाव, लसणाची पाकळी घास, तळहातावर बोट घासून गरम करून टेकव. मी डोळ्यांच्या दवाखान्यात ऑप्टोमेट्रिस्ट, म्हणजे नजर तपासणारी, आहे, त्यामुळे हे सगळं करून झालं की पेशंट माझ्यासमोर येतो, लसणाने भाजलेल्या कातडीसकट. तेच तेच सांगून कंटाळा आलाय म्हणून एकदाच लिहून टाकते.

आधी काय झालंय ते तर बघा. हात लावू देत नाही इतकं ठुसठुसतंय, दोन दिवसात वर आलंय, केसाच्या मुळाशी पिवळं टोक दिसतंय, तर ती रांजणवाडी. बॅक्टेरियाचं इन्फेक्शन असतं, बहुतेक वेळा आठवड्या-दोन आठवड्यात आपोआप फुटून बसतं. पण गाठ दुखत नाही, टणक आहे, केसांपासून जरा आत आहे आणि महिना झाला तशीच आहे, तर ते कॅलाझिऑन. पापणीत तेलाच्या बारीक ग्रंथी असतात, त्यातल्या एकीचं तोंड बंद होऊन तेल आत साठतं. हे इन्फेक्शन नाही, त्यामुळे अँटिबायोटिकचा कोर्स खाऊन काही उपयोग नाही. आणि पिळायचं दोन्हीपैकी काहीच नाही.

आता शेक. "मॅडम शेकून बघितलं, फरक नाही" हे वाक्य मला रोज ऐकायला मिळतं. कसं शेकलं विचारलं की कळतं, रुमालावर फुंकर मारून दोन-तीनदा टेकवला, तोही दोन दिवस, तिसऱ्या दिवशी आशा सोडली. अहो आतलं तेल थिजलेल्या तुपासारखं झालेलं असतं, ते पातळ व्हायला सलग पाच-दहा मिनिटं ऊब लागते आणि ओला रुमाल दोन मिनिटात गार होतो. माझी पद्धत सांगते, थर्मासमध्ये सोसेल इतकं गरम पाणी, दोन सुती रुमाल, एक डोळ्यावर एक पाण्यात, आलटून पालटून. डोळ्यावर ठेवायच्या आधी मनगटाला लावून बघायचं, तव्यावर पोटली तापवून पापणी भाजून घेतलेले लोक पण बघितलेत मी. शेकून झालं की बोटाने हलकंच केसांच्या दिशेने मसाज, वरची पापणी खाली, खालची वर. दिवसातून तीन-चार वेळा आणि कॅलाझिऑन असेल तर तीन-चार आठवडे. एवढं करूनही नाही गेली तर डॉक्टर पापणीच्या आतल्या बाजूने छोटा छेद देऊन साफ करतात, बाहेर टाकासुद्धा दिसत नाही.

आणि आता माझा सगळ्यात लाडका राग, मेडिकलमधून आणलेले ड्रॉप. एमपीएससीचा अभ्यास करणारा एक मुलगा होता, पापण्यांच्या कडा लाल, केसांच्या मुळाशी कोंडा, सकाळी चिपडं, म्हणजे सरळ सरळ ब्लेफरायटिस, पापण्यांच्या कडांची सूज. रूममेटकडचे ड्रॉप टाकले, संध्याकाळपर्यंत लाली गायब, साहेब खूश. मग काय, बाटली संपली की दुकानात रिकामी बाटली दाखवायची आणि नवीन घ्यायची, असं कितीतरी महिने. आमच्याकडे आला तो चष्म्याचा नंबर बदलला वाटतं म्हणून. डोळ्यातलं प्रेशर मोजलं तर ३८, नॉर्मल असतं साधारण १० ते २१. ड्रॉपमध्ये स्टेरॉइड होतं. काचबिंदू होऊन नस खराब झालेली, कडेची नजर गेलेली, आणि ती कुठल्याही ऑपरेशनने परत येत नाही. बाटलीवर घटकाचं नाव 'सोन' किंवा 'लोन' ने संपत असेल, डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन वगैरे, तर डॉक्टरला विचारल्याशिवाय एक थेंब नको. त्या पोराला लागत होतं फक्त शेक आणि पातळ केलेल्या बेबी शाम्पूत बुडवलेल्या कापसाने केसांची मुळं रोज पुसणं. रोज म्हणजे रोज, बरं वाटलं तरी. ब्लेफरायटिस काबूत राहतो, कायमचा जात नाही, आणि "फरक पडला म्हणून सोडलं" वाले थोड्या दिवसांनी परत माझ्यासमोर असतातच.

डोळा लवतोय? शुभ-अशुभ काही नाही, चहा कमी करा आणि झोपा.

लहान मुलाची पापणी सुजून बंद, वर ताप, डोळा पुढे आल्यासारखा किंवा हलवताना दुखतोय, तर शेकत बसू नका, त्याच दिवशी हॉस्पिटल.

पापणी अचानक खाली पडली तर तो बहुतेकदा डोळ्याचा आजारच नसतो, हे लोकांना सांगून पटत नाही. एका पावसाळ्यात एक बाई शेतमजूर नवऱ्याला सकाळी सकाळी घेऊन आली, डोळे उघडत नाहीत, ड्रॉप द्या म्हणे. रात्री जमिनीवर झोपलेला, पहाटेपासून पोटात दुखतंय, एक उलटी, बोलणं नाकातून. घरचे म्हणत होते रात्रीची उतरली नाही. डॉक्टरांनी मान उचलायला सांगितली, उचलेना, तसंच गाडीत घालून सरकारी दवाखान्यात पाठवलं. मण्यार साप चावला होता. चावल्याचं बऱ्याचदा कळतही नाही, खूण सापडत नाही, आणि विषाने स्नायू लुळे पडायला सुरुवात पापण्यांपासून होते, पुढे श्वास. अँटिव्हेनम आणि व्हेंटिलेटरवर वाचला तो. ड्रॉप घेऊन घरी गेला असता तर विषय संपला होता. एकच पापणी पडली, सोबत जोरात डोकं दुखतंय, दोन दोन दिसतंय, बाहुली मोठी झालीय, तरी तेच, थेट मोठं हॉस्पिटल, कारण मेंदूतल्या रक्तवाहिनीला फुगा असू शकतो. संध्याकाळी जास्त पडते आणि सकाळी ठीक असते, तर मायस्थेनियाची, म्हणजे स्नायू लवकर थकण्याच्या आजाराची तपासणी. आणि जन्मतःच पडलेली असेल तर "मोठा झाला की उघडेल" म्हणू नका, बाहुली झाकली गेली तर डोळा आळशी होतो, म्हणजे त्याची नजर नीट तयारच होत नाही.

आजीच्या पापणीचा केस आत टोचतो म्हणून घरी चिमट्याने उपटतात. तो महिना-दीड महिन्यात परत येतो, आणि अर्धवट तुटला तर त्याचं खुंट बुबुळाला जास्त खरवडतं. खुपरी (ट्रॅकोमा, डोळ्यांचं इन्फेक्शन) हा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून भारतातून संपल्याचं डब्ल्यूएचओने २०२४ मध्ये मान्य केलं, पण आधीच्या पिढीतल्या काहींच्या पापण्यांच्या आत तिचे जुने व्रण आहेत, त्याने केस आत वळतात, त्यांना चिमटा नाही, डॉक्टर लागतो.

शेवटचं, वयस्कर माणसाला त्याच जागी परत परत 'कॅलाझिऑन' येतंय, तिथले केस गळलेत, तर नुसतं साफ करून घेऊ नका. तेलाच्या ग्रंथीचा कॅन्सर अगदी असाच दिसतो आणि आपल्याकडे तो फार दुर्मिळही नाही. काढलेला तुकडा बायोप्सीला पाठवा असं स्वतः सांगा, आणि रिपोर्ट आणायला जा.