लग्नपत्रिकांच्या पलटणी

नेपोलियनच्या काळातल्या लढाया टेबलावर खेळायच्या असतील तर खेळण्यातले छोटे सैनिक विकत घ्यायची घाई करू नका. पहिल्या चार-पाच संध्याकाळी पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर काढा. भाच्याने ‘ब्लॅक पावडर’ ही नियमावली आणली, तेव्हा मी ती पहिल्या पानापासून वाचत बसले आणि तिसऱ्या दिवशी सगळे नियम एकमेकांत मिसळले. टेबलावर तुकडे मांडले तेव्हा कुठे ते उलगडायला लागले.

घरात साठलेल्या लग्नपत्रिका यासाठी उत्तम. एका पलटणीला चार तुकडे कापा, साडेतीन सेंटिमीटर रुंद आणि दोन खोल. पुढच्या कडेवर स्केचपेनने रेघ ओढा: फ्रेंचांना निळी, इंग्रजांना लाल. चारही तुकडे शेजारी शेजारी ठेवले की रांग झाली. दोनांच्या मागे दोन ठेवले की कॉलम. चार दिशांना तोंडं करून लावले की चौकोन.

पुस्तकातली अंतरं भल्यामोठ्या टेबलासाठी आहेत. सदाशिव पेठेतल्या आमच्या जेवणाच्या टेबलावर आम्ही ती सरळ निम्मी केली. पायदळाची एक चाल बारा इंचांची, ती सहा. बंदुकीचा पल्ला अठरा, तो नऊ. कापडगंजातून हिरवं कापड आणलं आणि त्याखाली जाड पुस्तकं सरकवून टेकड्या केल्या.

आता रांग आणि कॉलम यांतला फरक नीट समजून घ्या, कारण सगळा खेळ त्यावर उभा आहे. रांगेतल्या बहुतेक सगळ्या बंदुका समोर रोखलेल्या असतात, म्हणून गोळीबाराला तीन फासे. कॉलममध्ये मागचे लोक पुढच्यांच्या पाठीआड, म्हणून एकच फासा. पण कॉलम धक्का देऊन घुसतो, मार खाऊनही जास्त टिकतो. तोफेला मात्र तो सोपा सावज, कारण गोळा एकामागून एक ओळी कापत जातो. चार-चार पलटणी घेऊन फक्त एवढंच खेळा. रिसाला, म्हणजे घोडदळ, अजून डब्यातच राहू द्या.

हुकूम मोठ्याने द्यायचा. “ही पलटण कॉलममध्ये त्या भिंतीपाशी जाईल,” असं पूर्ण बोलायचं आणि मग दोन फासे टाकायचे. सेनापतीचा अंक, म्हणजे हुकूम लागू पडायची मर्यादा, साधारण आठ असतो. बेरीज आठ किंवा सात आली तर एक चाल, सहा आली तर दोन, पाच किंवा कमी आली तर तीन. आठच्या वर गेली की हुकूम फसला, आणि त्या सेनापतीला त्या खेपेला पुढचा हुकूमच देता येत नाही. ३६ पैकी २६ वेळा हुकूम लागू पडतो. ऐकायला हे भरवशाचं वाटतं. पहिल्याच संध्याकाळी मी मागची पलटण आधी सरळ करायला गेले. फासे पडले पाच आणि चार. पुढचा कॉलम भाच्याच्या तोफांसमोर उघड्यावर तसाच उभा राहिला.

“मावशी, जी पलटण मरणार आहे तिला आधी हुकूम दे,” तो म्हणाला. हे वाक्य मी नियमावलीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय. तुम्हीही लिहा.

दोन संध्याकाळींनंतर रिसाला बाहेर काढा. घोडे येताना दिसले की चौकोन, कारण त्याला घोड्यांसाठी उघडी बाजू उरत नाही. पण दाटीने उभा चौकोन तोफेला सोपा, म्हणून तो केला की तोफा तुमच्यावर रोखलेल्या आहेत का, ते लगेच बघा. त्यानंतर जमीन आणा: चिखल, कुंपणं, झाडी. पुण्याच्या माणसाला चिखलाचं महत्त्व वेगळं सांगायला नको. ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीत बापू गोखल्यांचे घोडेस्वार कंपनीच्या पलटणीवर तुटून पडले, आणि वाटेतल्या दलदलीत घोडे रुतले. नेपोलियनच्या शेवटच्या लढाईला, वॉटर्लूला, तेव्हा जेमतेम अडीच वर्षं झाली होती. बंदुकाही त्याच जातीच्या, आणि कवायतही तीच.

मी आता खडकीच मांडतेय. दलदलीसाठी तपकिरी फेल्टचा तुकडा कापून ठेवलाय. मराठ्यांच्या तुकड्यांवर रेघ भगव्या रंगाची ओढलीय, आणि रविवारी पहिला हुकूम गोखल्यांच्या रिसाल्याला देणार आहे.