इन्सिनरेटरची राख स्थिर करताना या चुका टाळा

तळोज्यासारख्या सामायिक घातक-कचरा केंद्रात इन्सिनरेटर, म्हणजे कचरा जाळण्याची भट्टी, चालतो तेव्हा राख दोन जागी निघते. ती स्थिर करणं म्हणजे तिच्यातले विषारी धातू पाण्यात उतरणार नाहीत असे बांधून टाकणं. भट्टीच्या तळाशी पडणारी राख जाडसर असते आणि तिचं वागणं बरंचसं अंदाजात येतं. डोकेदुखी असते ती बॅग फिल्टरखाली, म्हणजे धूर गाळणाऱ्या कापडी पिशव्यांखाली, जमणाऱ्या पिठासारख्या राखेची. न वापरला गेलेला चुना, भरपूर क्लोराइड, शिसं, जस्त, कॅडमियम, शिवाय सक्रिय कोळशाला चिकटलेला पारा, असं सगळं तिच्यात एकत्र असतं. 2016 च्या घातक कचरा नियमांत पहिल्या अनुसूचीची 37.2 ही नोंद याच राखेची. टीसीएलपी चाचणीत राख सौम्य आम्लात घोळवून तिच्यातून किती धातू उतरतात ते पाहतात. तिच्या अर्कात शिसं लिटरला 5 मिलिग्रॅम, कॅडमियम 1 आणि पारा 0.2 या मर्यादांच्या आत यावा लागतो.

नापास झाली की आणखी चुना

सर्वांत महाग पडणारी चूक हीच. शिसं उभयधर्मी आहे, म्हणजे आम्लातही विरघळतं आणि तीव्र अल्कातही. साधारण 9 ते 10.5 पीएचला ते सर्वांत कमी विरघळतं. पीएच 12 च्या पुढे गेला की त्याचं हायड्रॉक्साइड पुन्हा विरघळायला लागतं.

चाचणीचं गणित एकदा हाताने मांडून पाहावं. अल्कधर्मी राखेला 2.88 पीएचचा अर्कद्रव लागतो, म्हणजे लिटरमागे 5.7 मिलिलिटर ग्लेशियल (पाणीविरहित) ॲसेटिक ॲसिड. राखेच्या वजनाच्या 20 पट द्रव घेऊन 18 तास फिरवायचं. याचा हिशेब केला तर किलोभर राखेच्या वाट्याला सुमारे 2 मोल आम्ल येतं. राखेत मोकळं कॅल्शियम हायड्रॉक्साइड 7.4 टक्के असेल, म्हणजे किलोमागे 74 ग्रॅम, तर तेवढ्यानेच हे सगळं आम्ल संपतं. त्याहून थोडा कमी चुना असेल तर अर्काचा पीएच मधल्या पट्ट्यात थांबतो आणि राख काहीच न करता पास होते. 10 टक्के असेल तर पीएच 12 च्या वर राहतो आणि शिसं धडाधड उतरतं. अशा बॅचमध्ये चुना किंवा सिमेंट वाढवणं म्हणजे आगीत तेल ओतणं.

म्हणून अहवालात शिशाच्या आकड्याशेजारी अर्काचा अंतिम पीएच लिहून मागावा. तो नसेल तर नापास होण्याचं कारण कळायला मार्गच नाही. उलट बाजूही ध्यानात ठेवावी: चुन्याच्या जोरावर टीसीएलपी पास झालेली राख साध्या पाण्यात 12 च्या वर पीएच देते आणि तिथे शिसं सोडते. त्यामुळे साध्या पाण्याची चाचणीही सोबत करावी.

फॉस्फेटचा डोस शिशावरून काढणे

फॉस्फोरिक ॲसिड आणि क्लोराइड मिळून शिशाचं क्लोरोपायरोमॉर्फाइट हे खनिज बनवतात. ते अत्यंत कमी विरघळतं. राखेत शिसं 0.3 टक्के असेल तर कागदावर किलोमागे एक ग्रॅमहूनही कमी शुद्ध आम्ल पुरतं. प्रत्यक्षात बहुतेक आम्ल चुनाच खातो, त्यामुळे गरज कित्येक पट जास्त निघते. 100 ग्रॅम राखेच्या पाच बरण्या घ्याव्यात, प्रत्येकीत 30 ते 40 मिलिलिटर पाणी, आणि आम्ल 0, 2, 4, 6, 8 टक्के. 24 तासांनी पीएच आणि अर्क तपासून त्यावरून डोस ठरवावा. इंधनाचा, म्हणजे कचऱ्याचा, प्रकार बदलला की ही शिडी पुन्हा चढायची. आम्ल सौम्य करून हळूहळू घालावं. राखेतल्या कार्बोनेटमुळे फेस उसळतो. डोस जास्त झाला आणि पीएच 8 च्या खाली घसरला की शिशाऐवजी कॅडमियम नापास होतं.

शिसं नियंत्रणात आहे पण क्रोमियम नापास, असा निकाल आला तर सहासंयुजी क्रोमियमचा (त्याच्या जास्त ऑक्सिडीकृत, विरघळणाऱ्या रूपाचा) संशय घ्यावा. ते हायड्रॉक्साइड म्हणून साक्यात बसत नाही, आधी फेरस सल्फेटने त्याचं क्षपण (रिडक्शन) करावं लागतं. हिशेबाने क्रोमियमच्या 16 पट वजनाचं स्फटिकी फेरस सल्फेट लागतं. अल्कधर्मी राखेत काही फेरस हवेनेच वाया जातं, म्हणून जास्त धरावं.

घालण्याचा क्रम

धातू पकडण्यासाठी सल्फाइड किंवा डायथायोकार्बामेट चीलेट (धातूला घट्ट धरून ठेवणारं रसायन) वापरत असाल तर ते आम्लाच्या संपर्कात कधीही येऊ देऊ नये. सल्फाइडमधून हायड्रोजन सल्फाइड सुटतो, डायथायोकार्बामेटमधून कार्बन डायसल्फाइड. पहिला जीवघेणा, दुसरा अतिज्वलनशील. आम्लासाठी आणि या रसायनांसाठी वेगळे पंप, वेगळ्या नळ्या ठेवाव्यात. आधी राख पाण्याने ओली करावी, मग अभिकारक (मिसळायचं रसायन) घालावं. कोरड्या राखेवर ओतलं तर गोळे बनतात आणि आतली राख तशीच राहते. राख लोडरच्या बकेटने नव्हे, वजनाने मोजावी, कारण तिची घनता दिवसागणिक बदलते.

ताजी बॅच लगेच पिशवीत बंद करणे

राखेत धातुरूप ॲल्युमिनियम असेल तर अल्कधर्मी पाण्यात हायड्रोजन निघतो, एक किलो ॲल्युमिनियममागे सुमारे 1.2 घनमीटर. हवेत 4 टक्के झाला की तो पेटू शकतो. पिशवी फुगते ती याच कारणाने. सिमेंटचा ठोकळा फुगून तडकतो तोही अनेकदा याच कारणाने. ओली बॅच निदान एक दिवस उघड्या, हवेशीर शेडमध्ये ठेवावी आणि गॅस मीटरने तपासूनच बंद करावी. त्या शेडमध्ये वेल्डिंग नको.

क्लोराइडवर मात्र यातलं काहीच चालत नाही. मीठ विरघळणारच, आणि त्याबरोबर ठोकळा सच्छिद्र होणार. धुवून काढायचं तर धुण्याच्या पाण्यात शिसं आणि मीठ दोन्ही उतरतात. ते पाणी आधी पीएच खाली आणून शिसं बसवल्याशिवाय पुढे सोडता येत नाही. डायऑक्सिनही स्थिरीकरणाने नष्ट होत नाही, त्यामुळे मिक्सरजवळ साधा कापडी मास्क पुरत नाही.

पावसाळ्यात एवढं पाहावं: कॅल्शियम क्लोराइड हवेतली ओल ओढतं, कच्ची राख दोन दिवसांत दगडासारखी होते. आतून अस्तर असलेल्या जंबो बॅगा पॅलेटवर, छपराखाली ठेवाव्यात आणि आधी आलेली राख आधी मिसळावी.