जुन्या रस्त्याची खडी आरसीसीत वापरताना या चुका टाळा

रस्त्यांचं काँक्रिटीकरण जोरात असलेल्या शहरांत उखडलेल्या मालाचे ढीग लागतात. एकीकडे डोंगर फोडून नवी खडी आणायची आणि दुसरीकडे जुनी भरावात गाडायची, हे थांबायलाच हवं. म्हणूनच ती आरसीसीत, म्हणजे सळया घातलेल्या काँक्रीटमध्ये, वापरताना हयगय नको. एक स्लॅब फसला की पुढची दहा वर्षं कुणी कन्सल्टंट या खडीला हात लावू देत नाही.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे काळा (डांबरी) आणि पांढरा (काँक्रीटचा) माल एकाच ढिगात टाकणं. आयएस ३८३ : २०१६ या खडी-वाळूच्या भारतीय मानकाने आरसीसीसाठी मुभा दिली आहे ती काँक्रीट फोडून केलेल्या खडीला. मिलिंग मशीनने खरवडलेल्या डांबरी मालाला नाही. डांबराचा थर असलेल्या दाण्याला सिमेंट नीट धरत नाही. असा क्यूब (चाचणीसाठी ओतलेला काँक्रीटचा ठोकळा) फुटल्यावर तुटलेली बाजू जरूर पाहा: दाणा फुटलेला नसतो, अख्खा काळा दाणा आपल्या खोबणीतून निसटून आलेला असतो. सिमेंट वाढवून हा दोष जात नाही. डांबरी माल डांबरी रस्त्यातच परत जाऊ द्या, त्यासाठी आयआरसी १२० : २०१५ ही इंडियन रोड्स काँग्रेसची मार्गदर्शिका आहे. विटा-प्लास्टर मिसळलेला राडारोडाही आरसीसीत नको.

दुसरी चूक पाण्याची, आणि साइटवर रोज दिसणारी. जुन्या खडीला मॉर्टर (सिमेंट-वाळूचा थर) चिकटलेलं असतं, ते पाणी पितं. घनमीटरला १,१०० किलो जाड खडी धरली, तर तिच्यातली जुनी खडी २० टक्के (आरसीसीतली कमाल मर्यादा) म्हणजे २२० किलो. शोषण ६ टक्के असेल तर कोरडी खडी १३ लिटरच्या आसपास पाणी ओढते. मग गाडी पोचेपर्यंत स्लम्प (ओल्या काँक्रीटचा सैलपणा) बसतो, पंपवाला ओरडतो आणि कुणीतरी ड्रममध्ये पाइप सोडतो. तिथे लिटर मोजत कोण बसतं? २८ दिवसांनी क्यूब कमी आले की दोष मात्र खडीवर. उपाय साधा आहे: आदल्या दिवशी ढिगावर स्प्रिंकलर लावा, बॅचिंगपूर्वी (माल मोजून मिसळण्याआधी) ओलावा तपासा आणि त्यानुसार पाणी दुरुस्त करा. उरलेला स्लम्प अ‍ॅडमिक्श्चरने (काँक्रीट सैल ठेवणाऱ्या रसायनाने) सांभाळा.

ग्रेडची मर्यादा तर अनेकांच्या लक्षातच येत नाही. आरसीसीत ही खडी जास्तीत जास्त २० टक्के, तीही फक्त एम२५ ग्रेडपर्यंत (एमपुढचा आकडा मोठा, तितकं काँक्रीट मजबूत). आता आयएस ४५६ हे काँक्रीट बांधकामाचं मानक उघडा: किनारपट्टीच्या उघड्या हवेतल्या आरसीसीला किमान एम३० लागतं. म्हणजे मुंबईत, रत्नागिरीत किंवा पणजीत समुद्राकडच्या उघड्या कॉलमसाठी हा विषय तिथेच संपतो. पीसीसीत (सळया नसलेल्या काँक्रीटमध्ये) २५ टक्के चालते, एम१५ च्या खालच्या लीन काँक्रीटमध्ये १०० टक्के. आधी तिथे वापरा, हात बसू द्या.

बारीक मालालाही मुभा आहे, पण त्यात जुन्या सिमेंटची भुकटी फार असते. आरसीसीत तो टाळावा असं माझं स्पष्ट मत आहे.

क्यूब पास झाला म्हणून निश्चिंत होऊ नका. या काँक्रीटचं आकुंचन जास्त आणि ताठपणा कमी असतो, त्यामुळे लांब गाळ्याच्या बीमचं डिफ्लेक्शन (भाराखाली वाकणं) डिझायनरकडून पुन्हा तपासून घ्या. क्युअरिंगमध्ये एक दिवसही कापू नका. आणि प्रत्येक ढिगावर पाटी लावा: कुठल्या रस्त्याचा माल, कधी फोडला, शोषण किती. पाटी नसलेला ढीग बॅचिंग प्लांटवर चढवूच नका.