हरवलेलं शून्य

सी प्लस प्लस या प्रोग्रामिंग भाषेत मोठ्या पूर्णांकांचा कॅल्क्युलेटर लिहायला घेतला तो फॅक्टोरियलमुळे, म्हणजे १ पासून त्या संख्येपर्यंतच्या सगळ्या पूर्णांकांच्या गुणाकारामुळे. ६४ बिटमध्ये, म्हणजे ६४ द्विमान अंकांच्या ठरावीक जागेत, २० चं फॅक्टोरियल मावतं, पण २१ चं काढलं की ते मावत नाही आणि उत्तर थेट उणे ४२४९२९००४९४१९२१४८४८!

मग संख्येचे नऊ-नऊ अंकांचे तुकडे करून ॲरेत, म्हणजे संख्यांच्या क्रमवार यादीत, ठेवले, एककाकडचा तुकडा आधी. गुणाकार शाळेतल्यासारखाच, फक्त हातचा मोठा. दोन तुकड्यांचा गुणाकार १० च्या १८ व्या घातापेक्षा लहान असतो, म्हणून ६४ बिटमध्ये बसतो. मात्र असे दहा गुणाकार साठवून मग हातचा काढू म्हटलं तर ओव्हरफ्लो होऊ शकतो, म्हणजे बेरीज ६४ बिटमध्ये मावत नाही, त्यामुळे मी तो प्रत्येक पायरीला काढतो.

तरी २५ चं फॅक्टोरियल चुकलं. २६ अंक हवे होते, आले २५. दोन संध्याकाळी मी गुणाकारच तपासत बसलो. शेवटी ॲरेतले तुकडे वेगवेगळे छापले: १५५११२१०, ४३३३०९८५, ९८४००००००. मधल्या तुकड्यात आठच अंक! हिशोब बरोबर होता, छापताना ०४३३३०९८५ मधलं पुढचं शून्य गळत होतं. सगळ्यात डावीकडचा तुकडा सोडून बाकीचे नऊ अंकी रुंदीत, डावीकडे शून्यं भरून छापले आणि उत्तर जुळलं.

१०० चं फॅक्टोरियलही आता नीट येतं, पूर्ण १५८ अंकी. भागाकार अजून बाकी आहे.