क्रिस्टल माइक, ट्यूब अ‍ॅम्प आणि हरवलेला खर्ज

हार्मोनिकावर तुम्हाला बेंड (सूर खाली वाकवणं) येतात, सेकंड पोझिशन (सीच्या हार्मोनिकावर जीमध्ये वाजवणं) अंगवळणी पडली आहे आणि आता तो शिकागो ब्लूजचा जाड, कडांना किंचित फाटलेला आवाज हवा आहे, असं धरून लिहितोय. १९५२ च्या सुमारास लिटल वॉल्टर या ब्लूज वादकाने हार्मोनिका अ‍ॅम्पमधून वाजवून जो आवाज रूढ केला, तो. त्याच्या हातात नेमका कोणता माइक होता यावर लोक अजून भांडतात, तेव्हा ‘अगदी वॉल्टरचाच माइक’ म्हणून कोणी काही विकत असेल तर पाकीट खिशातच राहू द्या.

आधी एक कटू गोष्ट. माइकशिवाय तुमचा २ ड्रॉ (दुसऱ्या भोकातून श्वास आत ओढून येणारा सूर) भरीव येत नसेल, तर कुठलाही अ‍ॅम्प तो भरीव करणार नाही. घसा मोकळा, श्वास पोटातून, ओठ सैल. माझ्या मते चांगला गुरू तो, जो पहिले काही महिने तुम्हाला माइकला हातच लावू देत नाही. पहिल्याच भेटीत पेडल (आवाज बदलणारी, पायाने चालवायची पेटी) सुचवणाऱ्यापासून लांब राहिलेलं बरं.

आता माइक. घराणी मुख्यतः तीन. क्रिस्टल, म्हणजे अ‍ॅस्टॅटिक जेटी-३० आणि त्याचे भाऊबंद. चुंबकी एलिमेंटवाला (एलिमेंट म्हणजे आवाजाची वीज करणारा माइकचा भाग) बुलेट, म्हणजे शुअरचा ग्रीन बुलेट ५२०. आणि गाण्याचा साधा डायनॅमिक, एसएम५८ सारखा. शेवटचा लो इम्पिडन्सचा (इम्पिडन्स म्हणजे सिग्नलला होणारा विजेचा विरोध) असतो आणि गिटार अ‍ॅम्पला हाय इम्पिडन्स लागतो, म्हणून मध्ये मॅचिंग ट्रान्सफॉर्मर हवा. ट्रान्सफॉर्मरवाला अ‍ॅडॉप्टर आणि नुसता पिन बदलणारा अ‍ॅडॉप्टर दिसायला भावंडंच, त्यामुळे घेताना विचारून घ्या. नुसत्या पिनवाल्यातून आवाज येतो, पण मरतुकडा.

मी ज्यात अडकलो ती गोष्ट क्रिस्टलची. इथे जरा लांबण लावतो, कारण हे मला कोणी नीट सांगितलं नव्हतं.

क्रिस्टल एलिमेंट विजेच्या दृष्टीने कपॅसिटर (विजेचा भार साठवणारा भाग) असतो. पुढे जोडलेल्या इनपुटशी मिळून तो खालचे सूर अडवणारा फिल्टर बनतो, आणि इनपुटचा इम्पिडन्स जितका कमी तितका तो फिल्टर वर सरकतो. हिशेबाला एलिमेंट १ नॅनोफॅरडचा धरा. इनपुट १ मेगओहमचा असेल तर कापणी साधारण १६० हर्ट्झपाशी सुरू होते. सीच्या हार्मोनिकाचा सगळ्यात खालचा सूर, १ ब्लो (पहिल्या भोकात फुंकून येणारा), २६२ हर्ट्झचा, म्हणजे तो जवळजवळ शाबूत राहतो. इनपुट १३६ किलोओहमचा झाला की तीच कापणी ११७० हर्ट्झवर जाते, आणि त्या १ ब्लोच्या मूळ स्वराचा जेमतेम पाचवा हिस्सा पुढे पोचतो.

१३६ हा आकडा मी हवेतून काढलेला नाही. फेंडर पद्धतीच्या बऱ्याच अ‍ॅम्पवर दोन सॉकेट असतात. १ नंबरचा इम्पिडन्स १ मेगओहम. २ नंबरमध्ये ६८ किलोओहमचे दोन रेझिस्टर एकामागे एक येतात, म्हणून १३६, आणि सिग्नल निम्मा. अ‍ॅम्प शिट्टी मारायला लागला (स्पीकरचा आवाज माइकमध्ये परत शिरला) की कोणीतरी जाणता माणूस सांगतोच, ‘२ नंबरला लाव.’ शिट्टी थांबते, सल्ला पटतो. मग आवाज पातळ वाटतो म्हणून आपण बासचं बटण शेवटपर्यंत फिरवतो. पण जे दारातच अडलं ते बटण कुठून वाढवणार? माझं बरेच दिवस हेच चाललं होतं, आणि दोष मी माझ्या फुंकीला देत होतो. तेव्हा तुमचा आवाज पातळ येत असेल तर स्वतःला कोसण्याआधी वायर कुठल्या भोकात आहे ते बघा.

हाच घोटाळा माइकवर बसवलेल्या व्हॉल्यूमच्या बटणानेही होतो. क्रिस्टलला ते १ मेगओहमचं तरी असावं, ५ मेगओहम उत्तम. मध्ये पेडल असेल तर त्याचा इनपुट इम्पिडन्सही बघा. ग्रीन बुलेटला याचा एवढा त्रास होत नाही, म्हणून नवख्याला मी तोच सुचवेन. शिवाय क्रिस्टल म्हणजे रोशेल सॉल्ट, ५५ अंश सेल्सिअसच्या आसपास कायमचं बिघडतं, आणि दमटपणाही त्याला सोसत नाही. उन्हातल्या बंद गाडीत ठेवाल तर नंतर हळहळू नका. जुना माइक घेताना लावून, वाजवून बघितल्याशिवाय घेऊ नका.

मग शिट्टीचं काय? पहिली प्रीअ‍ॅम्प ट्यूब (आलेला सिग्नल सगळ्यात आधी वाढवणारी) बदला, कमी गेनची, म्हणजे सिग्नल कमी पट वाढवणारी लावा. १२एएक्स७ चा गेन १०० च्या घरात, १२एवाय७ चा ४५ च्या आसपास, १२एयू७ चा २० च्या आसपास. हार्मोनिकावाले ज्याच्यासाठी जीव टाकतात त्या १९५९ च्या फेंडर बासमनमध्ये (१० इंची चार स्पीकर, आणि मुळात बास गिटारसाठीचा!) पहिल्या जागी १२एवाय७ च होती. अ‍ॅम्प बंद करा, प्लग काढा, ट्यूब थंड होऊ द्या, नऊ पिना सरळ धरून बसवा. एवढं जमतं, घाबरू नका. चॅसिस (आतल्या सर्किटची धातूची पेटी) मात्र उघडायची नाही. आतले कपॅसिटर प्लग काढल्यावरही शेकडो व्होल्ट धरून ठेवू शकतात आणि त्याने माणूस मरतो.

आणि हात. माइक आणि हार्मोनिका तळव्यांत अशी मिटा की समोर उभ्या माणसाला नुसता दबका आवाज ऐकू यावा. करंगळीच्या बाजूला हमखास फट राहते, तिथे लक्ष द्या. ती बुजली की तीक्ष्णपणा जातो, मधले सूर फुगतात आणि एलिमेंटवर दाब वाढून तो हवासा फाटकेपणा येतो. फेंडर चॅम्पसारखा ५ वॉटचा, ८ इंची स्पीकरचा अ‍ॅम्प घरच्या रियाजाला पुरून उरतो. ट्रेबल खाली, बास मध्यावर, स्पीकरच्या तोंडासमोर न राहता बाजूला उभे राहा, हात मिटलेले ठेवा आणि व्हॉल्यूम हळूहळू वाढवा. शिट्टी सुरू झाली की किंचित मागे या. तिथे खूण करून ठेवा, पण खोली बदलली की ती खूण धरून बसू नका.