झटका मशीन बदलण्याआधी अर्थिंग बघा

परतीचा पाऊस ओसरला की आपल्याकडं दोन गोष्टी एकाच सुमाराला घडतात. रानाची वरची ओल उडते आणि कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू होऊन ऊस तुटायला लागतो. पावसाळाभर फडात आडोसा घेऊन बसलेली रानडुकरं फड मोकळा झाला की शेजारच्या मक्यात, हरभऱ्यात आणि पुढं हुरड्यावर आलेल्या शाळूत घुसतात. ज्या झटका मशीननं (कुंपणाच्या तारेत थांबून-थांबून विजेचे ठोके सोडणारं यंत्र) जूनपासून रान राखलं, ते नेमकं याच दिवसांत फसतं. टिकटिक चालू, दिवा लागलेला, बॅटरी भरलेली आणि तारेखालून कळप आत. मग शेतकरी दुकानात जातो आणि दुकानदार सांगतो, "तुमचं मशीन छोटं पडलं, दहा जूलचं न्या." (जूल म्हणजे एका ठोक्यातल्या ऊर्जेचं माप.)

मी बघितलेल्या अशा बहुतेक रानांत मशीन ठणठणीत होतं. अर्थिंग वाळलं होतं.

मशीनमधून निघालेली वीज तारेतून जनावराच्या अंगात, पायातून जमिनीत आणि जमिनीतून अर्थिंगच्या, म्हणजे मशीनला जोडून जमिनीत ठोकलेल्या, गजावाटे परत मशीनला मिळाली, तरच झटका बसतो. हा फेरा जमिनीत तुटला की डुकराला नुसती खाज सुटते. दहा एचपीची मोटर बसवली आणि फुटव्हॉल्व्ह पाण्याच्या वर लटकतोय, तसली ही गत. मोटर वीस एचपीची केली म्हणून पाणी चढणार नाही.

पावसाळ्यात दोन फुटांचा एकच गज ठोकून भागतं, कारण सगळी जमीनच ओली असते. तिथंच माणूस फसतो. दिवाळीनंतर माण, खटाव, आटपाडी, जतच्या मुरमाड रानात वरचा दीड-दोन फुटांचा थर कोरडाठक होतो. कृष्णाकाठच्या काळ्या रानात वेगळंच होतं: जमिनीला भेगा पडतात आणि गज नेमका भेगेत मोकळा उभा राहतो, मातीला चिकटतच नाही. हलवून बघा, हातानं डुलला तर तो गज नाहीच असं समजा. महाबळेश्वर-पाटणकडं जांभ्यावर मातीच हातभर, गज खाली जातच नाही. मग तो अर्धा कापून ठोकला जातो आणि वरून दिसायला सगळं झकास. कालव्याच्या कडेला ठोकलेल्या गजाचा हिशोब आणखी निराळा. टेंभू-म्हैसाळ योजनेच्या पाण्याचं आवर्तन चालू असेतोवर कुंपण कडक, आवर्तन बंद झालं की आठवड्याभरात मरगळ.

आता माप. जीआयचे (गॅल्व्हनाइज्ड) सहा फुटी गज, कमीत कमी तीन, एकमेकांपासून दहा फुटांवर, एकाच अखंड तारेनं क्लॅम्प लावून जोडलेले. मशीनच्या आउटपुटच्या प्रत्येक जूलमागं जमिनीत किमान तीन फूट गज, हा सर्वसाधारण हिशोब. म्हणजे पाच जूलला पंधरा फूट, तीन गजांत भागतं. हे ओल्या जमिनीचं माप आहे. आपल्या मुरमात मी दुप्पट धरतो. याला कुठल्या पुस्तकाचा आधार नाही, उन्हाळ्यात शाबूत राहिलेली कुंपणं बघून बसलेला अंदाज आहे. घराच्या किंवा मोटरीच्या अर्थिंगपासून हे गज तीस-पस्तीस फूट लांब ठेवा, त्या अर्थिंगला तर जोडूच नका. नाहीतर मोटरीच्या पेटीला हात लावल्यावर झटका तुम्हालाच.

जागा मशीनशेजारीच हवी असं काही नाही. जिथं बारमाही ओल असते तिथं गज न्या: गोठ्याच्या मोरीचं पाणी मुरतं तिथं, जनावरांच्या हौदाखाली, नारळाच्या आळ्यात. लांबवर एक जास्तीची तार ओढावी लागली तरी ती नव्या मशीनपेक्षा स्वस्तच. जत-कवठेमहांकाळकडं फेल गेलेल्या बोअरला लोखंडी केसिंग असेल आणि त्यात मोटर, केबल, पाइप काही नसेल, तर त्या केसिंगसारखं अर्थिंग शोधून मिळायचं नाही. कोळसा-मीठ भरायची जुनी पद्धत पहिल्या वर्षी कामाला येते, पण मीठ गज खातं. दोन-तीन वर्षांनी उपटून बघाल तर काडी उरलेली असते. त्यापेक्षा नोव्हेंबर ते मे दर आठ दिवसांनी प्रत्येक गजाच्या बुडाशी एक बादली पाणी ओता. ठिबकची एक नळी तिकडं वळवली तर तेही काम वाचतं.

अर्थिंग पुरतं का, हे तपासायची रीत सोपी आहे आणि दुकानदार ती सांगत नाही. मशीन बंद करा. मशीनपासून तीनशे फुटांवर चालत जा आणि तीन-चार लोखंडी पहारी जमिनीत रोवून तारेला टेकवून ठेवा. मशीन चालू करून कुंपणाच्या टेस्टरनं तार मोजा, दाब दोन हजार व्होल्टच्या खाली यायला हवा. नाही आला तर आणखी पहारी टेकवा. मग शेवटच्या गजाशी या. टेस्टरचं एक टोक गजाला, दुसरं तीन-साडेतीन फूट लांब जमिनीत खुपसलेल्या खिळ्याला. आकडा तीनशेच्या वर गेला तर अर्थिंग कमी पडतंय, गज वाढवा आणि परत मोजा. ही तपासणी पावसाळ्यात करून उपयोग नाही. जमीन वाळल्यावर करा, आणि फेब्रुवारीत पुन्हा एकदा. टेस्टर कुंपणाचाच हवा, घरातला मल्टिमीटर लावलात तर तो जळेल. काही जण लांब गवताची काडी धरून झटका बघतात. त्यानं वीज आहे एवढं कळतं, किती आहे ते कळत नाही.

जिथं खडकच आहे आणि कितीही गज ठोकले तरी भागत नाही, तिथं जमिनीवरचा भरवसा सोडा आणि अर्थची तारच कुंपणात घ्या. एक तार झटक्याची, त्यावरची अर्थची, पुन्हा झटक्याची. डुकरासाठी खालची झटक्याची तार आठ इंचांवर, अर्थची सोळा इंचांवर, तिसरी झटक्याची अडीच फुटांवर. डुक्कर मुसंडी मारून घुसायला बघतं तेव्हा दोन्ही तारांना एकदम शिवतं आणि जमीन कितीही कोरडी असो, झटका पुरा बसतो. अर्थची तार गजांनाही जोडलेली ठेवा. दोन तारा सैल पडून एकमेकींना चिकटल्या तर सगळं कुंपण मेलं, एवढं एक लक्षात असू द्या.

आता मशीन, कारण नवीन घ्यायचंच असेल तर खोक्यावरच्या आकड्यांना भुलायला नको. "पंचवीस एकर", "वीस किलोमीटर", "बारा हजार व्होल्ट" हे सगळं एकच स्वच्छ तार, गवताचं पातं शिवलेलं नाही, अशा हिशोबातलं असतं. दुकानात एवढंच विचारा: आउटपुट जूल किती? साठवलेले जूल सांगतील, तो आकडा मोठा असतो. तारेत पोचतात ते आउटपुटचे. आणि भार असताना, 500 ओहमला (मोजणीसाठी ठरलेला भार), व्होल्ट किती राहतात? कागदावर लिहून देत नसेल तर दुसरं दुकान बघा. 500 ओहमवर पाच जूलच्या वर आउटपुट आणि दोन ठोक्यांत एक सेकंदाहून कमी अंतर, या दोन्हीला सुरक्षेच्या मानकात मनाई आहे. तो सेकंदाचा खंड असतो म्हणून चिकटलेला माणूस किंवा वासरू सुटू शकतं. भारतीय मानक आयएस 302, भाग 2, विभाग 76 या यंत्रांसाठी आहे. बिलावर तेवढं लिहून मागा.

तुम्हाला लागतं किती? चौकोनी एक एकराचा घेर साधारण 255 मीटर. चार तारा ओढल्या तर एक किलोमीटर तार. पाच एकराला घेर 570 मीटर, चार तारांची तार सव्वादोन किलोमीटर. आमच्या भागात एक-दोन एकराला एक ते दोन जूल आउटपुट भरपूर झालं. पाच-सात एकर आणि कडेनं गवत असेल तर तीन ते पाच. त्याहून मोठं मशीन विकणारा तुमच्या रानाचा विचार करत नाही.

मोठ्या मशीनची दुसरी मेख बॅटरीत आहे. पाच जूलचं मशीन बारा व्होल्टवर अर्ध्या अँपिअरच्या थोडं वर खातं. बारा तासांच्या रात्रीत सहा-सात अँपिअर-तास. सोबत फुकट म्हणून दिलेली बॅटरी सात अँपिअर-तासांची असते. म्हणजे पहाटे चारला, डुकरं परतीच्या वाटेवर असताना, कुंपणात नावापुरती वीज. पाच जूलला किमान 18 अँपिअर-तासांची, जमलं तर 26 ची बॅटरी घ्या. सकाळी बॅटरी 12 व्होल्टच्या खाली दिसत असेल तर पॅनेल लहान आहे किंवा धुळीनं भरलंय. ऊसवाहतुकीच्या रस्त्याकडेच्या पॅनेलवर किती धूळ बसते ते पुसल्याशिवाय कळत नाही. भोंगा, मोबाइलवर संदेश, रिमोट या गोष्टींवर जाणाऱ्या पैशात चार गज आणि चांगला टेस्टर येतो.

इथं एक गोष्ट ठणकावून सांगतो. महावितरणच्या लाइनवरून सरळ 230 व्होल्ट तारेत सोडणं म्हणजे झटका मशीन नव्हे, तो फास आहे. त्यात खंड नसतो, शिवलेला सुटत नाही. रात्री दारं धरायला निघालेला शेजारी, ऊसतोडीच्या कोपीतलं पोर, आपलीच म्हैस, कोणीही जाईल. वीज कायदा 2003 च्या कलम 135 खाली वीजचोरी, माणूस गेला तर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा, गवा मेला तर 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात तो पहिल्या अनुसूचीतला प्राणी. "एकच रात्र" म्हणूनसुद्धा करू नका.

बाकीची नेहमीची कामं:
- तारेखालचं गवत, कुंदा, वेल विळ्यानं साफ; दर पंधरवड्याला.
- फुटलेले, काळे पडलेले इन्सुलेटर बदलणे.
- तारेचे जोड पिळून नको, क्लॅम्पनं. जीआयला तांबं जोडू नये.
- काटेरी तारेत झटका कधीही सोडू नये.
- फाटकाखालून नेताना उच्चदाबाची केबल. घरातली वायर नको.
- एका कुंपणाला एकच मशीन.
- रस्त्याकडेला पिवळ्या पाट्या, मराठीत.
- वीज कडाडायला लागली की मशीन तारेपासून सोडवणे.

गव्याचं गणित डुकराहून निराळं. 2010 ला सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान त्यात आलं. त्याच्या कडेच्या पाटण, जावळी, शिराळ्यातल्या रानांना आणि महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला गव्याची ये-जा नवीन नाही. एवढं जड जनावर बिचकल्यावर मागं फिरलं तर ठीक, पुढं गेलं तर खांबासकट कुंपण नेतं. म्हणून त्याला तार आधी दिसली पाहिजे आणि पहिला झटका नाकाला बसला पाहिजे. चार-पाच तारा, वरची साडेपाच-सहा फुटांवर, एक तार साडेतीन फुटांच्या आसपास, त्यावर पांढऱ्या चिंध्या. तारेवर पाच हजार व्होल्ट राहिलेच पाहिजेत. डुकराला चार हजार पुरतात. नवीन कुंपण पहिले आठ-दहा दिवस रात्रंदिवस चालू ठेवावं असं माझं मत आहे. मेलेली तार एकदा ओलांडलेलं जनावर पुढं जिवंत तारेलाही जुमानत नाही. वानरांना मात्र यातलं काही लागू पडत नाही. झाडाची फांदी कुंपणावर आली असेल तर ती तोडा, पुढं राखण.

शाळूत नुकसान झालंच तर तीन दिवसांच्या आत वनविभागाकडं अर्ज गेला पाहिजे. फोटो, सातबारा, बँकेचं पासबुक सोबत, आणि पंचनामा होईतोवर पीक काढू नका. जंगलालगतच्या गावांना डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून सौर कुंपणाला अनुदान मिळतं. आपलं गाव त्यात येतं का आणि सध्या रक्कम किती, ते वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारा. अनुदानातून मिळणाऱ्या संचातही अर्थिंगचा गज बहुधा एकच असतो, तेव्हा उरलेले दोन आधीच आणून ठेवा.